परातीतले अणू

तुमच्यापैकी जी धातूंवर काम करते, तिचं पत्र परवा आलं. धातू कायमचा वाकतो तेव्हा त्याच्या आत काय होतं, याचं मॉडेल ती संगणकावर बनवते. अणूंच्या पातळीवर एक, स्फटिकांच्या पातळीवर दुसरं आणि सबंध पट्टीच्या पातळीवर तिसरं. ही तिन्ही एकमेकांशी जुळवताना तिचा जीव मेटाकुटीला येतो म्हणे. शेवटी लिहिलं आहे, "आजी, हे तुला समजणार नाही, पण तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मला समजलं. मी हेच काम केलं आहे, परातीत. तिला एकटीला उत्तर पाठवलं तर बाकीचे मला फोन करून विचारत बसतील, म्हणून सगळ्यांना मिळून एकदाच लिहिते.

आधी धातूचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तांब्याची तार हलकेच वाकवून सोडली तर ती सरळ होते. जरा जास्त वाकवली तर वाकलेलीच राहते. ह्या 'जरा जास्त'मध्ये नेमकं काय घडतं, तो आमचा विषय. तारेत अणूंच्या रांगा असतात. तार वाकते तेव्हा एक रांग दुसरीवरून सरकते, पण ती आख्खी एका दमात सरकत नाही. आमच्या चाळीत गणपतीला गच्चीवर जाड सतरंजी अंथरत. ती हातभर पुढे न्यायची तर कोणी ओढत बसत नसे. एका टोकाला सुरकुती पाडायची आणि ती पायानं ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची. सतरंजी पुढे जाते आणि कोणाची कंबर धरत नाही. अणूंच्या रांगांतही अशीच सुरकुती पळते. ती पळाली की धातू कायमचा वाकला.

आता ही सुरकुती दिसणार कशी? तार हातात धरता येते. तिच्यातले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अणू मात्र आमच्या काळी कोणाच्या बापाला दिसत नव्हते. परदेशात कोणी एक सुंदर युक्ती काढली होती. साबणाच्या पाण्यावर मोहरीएवढे बुडबुडे सोडायचे, सगळे अगदी एका मापाचे. ते एकमेकांना चिकटून आपोआप रांगा धरतात, जणू तांब्यातले अणूच. ह्या तरंगत्या चादरीला बाजूनं दाबलं की रांगांतून एक रेघ सर्रकन पळताना दिसते. तीच आपली सुरकुती.

मला हे करून दाखवायचं होतं. का, तेही सांगते. मी बी.एस्सी. झाले होते आणि मला पुढे संशोधन करायचं होतं. कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, एका प्रयोगशाळेतले सर मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला तयार होते, म्हणजे अर्धे तयार होते. मुली दोन वर्षं टिकत नाहीत, मध्येच लग्न करतात, असा त्यांचा अनुभव होता. आजवर किती विद्यार्थिनी आल्या असं मी विचारल्यावर त्यांनी "एक" असं उत्तर दिलं. शेवटी त्यांनी तोड काढली. मद्रासकडून एक वृद्ध परीक्षक मुंबईत येणार होते. त्यांच्यासमोर बुडबुड्यांचं मॉडेल करून दाखव, त्यांनी होकार दिला तर तुझ्या अर्जावर सही करतो. नाही दिला, तर दादरला मुलींच्या शाळेत माझ्यासाठी जागा ठेवलेली होतीच. वडिलांचं म्हणणं सरळ होतं, "सही झाली तर प्रयोगशाळा, नाही झाली तर शाळा. घरात बसायचं नाही." ते काही वाईट बोलत नव्हते. पण मला शाळा नको होती.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. गोळीबारात माणसंही गेली. त्याबद्दल मी इथे हसत हसत लिहिणार नाही. पण रोजचं जगणं चालूच होतं आणि त्यात हसण्याजोगं पुष्कळ घडत होतं. परीक्षक आले त्याच आठवड्यात हरताळ झाला. प्रयोगशाळेची किल्ली सरांकडे होती, पण नळ्या, पंप आणि काचेची भांडी ज्या खोलीत होती, तिची किल्ली भांडाराच्या कारकुनाकडे, आणि कारकून परळला. लोकल गाड्या बंद, ट्रामही बंद. सरांनी निरोप पाठवला, "परीक्षक उद्या दुपारी येतील आणि रात्रीच्या गाडीनं जातील. जागा आणि टेबल मी देऊ शकतो. बाकीचं आपण पाहावं." सर मला 'आपण' म्हणाले की समजायचं, त्यांनी आशा सोडली.

म्हणून सगळं घरातून उभं करायचं ठरलं. घर म्हणजे गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या. त्यात आई, वडील, मी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या कोकणातून आली होती, लवकर विधवा झालेली, आणि स्वयंपाकघरात तिचा शब्द शेवटचा.

आमच्या घरात 'मॉडेल' ह्या शब्दानं आधीच घोटाळा केला होता. मी जाता-येता म्हणायची, "मला मॉडेल करायचं आहे, कोटात जाऊन मॉडेल करते." गिरगावात तेव्हा मॉडेल म्हणजे चित्रकारांसमोर बसते ती बाई. आत्यानं हे शेजारणीकडून समजून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला ताटावर बसवून म्हणाली, "अगो, पोटाला कमी पडतं काय तुला? असलं काय करायला जातेस तू?"

"काय करायला जाते?"

"ते मॉडेल!"

"आत्या, मॉडेल मी नाही. मॉडेल बुडबुडे आहेत."

आत्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्यांनी तरी काही नेसलेलं असतं काय?"

तेव्हापासून कोटात नेमकं काय चालतं ते डोळ्यांनी पाहायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

पहिला प्रश्न पसरट भांड्याचा. घरात एकच योग्य भांडं होतं, आत्याची पितळी परात. ती तिच्या लग्नातली. तिच्यात पुरणपोळीची कणीक मळली जायची, आणि एरवी तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी मागितली. आत्या म्हणाली, "परात जाईल तिथे मी जाईन." मी हो म्हटलं, दुसरा इलाज नव्हता.

परातीच्या तळाशी मी शाळेच्या दोन काळ्या पाट्या ठेवल्या, म्हणजे बुडबुडे उठून दिसावेत. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनची एक बारीक सुई दिली. तिचं टोक मी वाटणाच्या पाट्यावर घासून बोथट केलं. साबणाचं पाणी रिठ्याचं केलं, तर ते चहासारखं झालं. शिकेकाईचं त्याहून वाईट. शेवटी वडिलांचा ग्लिसरीनचा पारदर्शक साबण किसला. वडील दुसऱ्या दिवशी साबणाच्या रिकाम्या डबीकडे पाहत दाढी न करताच बसले.

खरी अडचण हवेची होती. बुडबुडे एका मापाचे यायचे तर हवेचा जोर एकसारखा हवा. सायकलच्या पंपानं हवा धक्क्याधक्क्यानं येई, आणि परातीत एक बुडबुडा साबुदाण्याएवढा तर दुसरा बोराएवढा. असा धातू देवानं केलेला नाही. मी डोक्याला हात लावून बसले होते तेवढ्यात वरच्या मजल्यावरून पेटीचे सूर आले.

पेटी म्हणजे हार्मोनियम, हे तुम्हाला ठाऊक असेल असं धरते. वरचे काका एका व्यापारी पेढीत कारकून होते. आधी भजनं म्हणत, आता चळवळीची गाणी. त्यांच्या पेटीच्या आत एक दुसरा भाता असतो. हातानं भाता कसाही हलवला तरी तो आतून हवा सारखी करून सोडतो. मला हवं होतं ते नेमकं हेच. मी वर गेले आणि सगळं सांगितलं.

काका पेटीवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यातून सूर निघतात, मुली. तू फेस काढायला सांगतेस?"

"काका, फक्त एक सूर द्या. अगदी वरचा. तो तुम्ही कधी लावतच नाही."

हे बोलायला नको होतं. वरचा सूर त्यांना लागत नसे हे सगळ्या चाळीला माहीत होतं. काकांनी वरची पट्टी दाबून पाहिली. मग म्हणाले, "शास्त्रासाठी का?"

"शास्त्रासाठी."

"आणि परीक्षक मद्रासचा?"

"हो."

"मग देतो. मराठी पेटी काय करते ते बघू दे त्याला."

त्यांनी शेवटची पट्टी काढली. तिच्या भोकात आम्ही रबरी नळी बसवली आणि मेणानं फट बुजवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची सुई. सुई पाण्यात धरून काकांनी भाता हलवला, आणि परातीत मोहरीसारखे बुडबुडे एकामागोमाग एक येऊन शहाण्या मुलांसारखे रांगेत बसू लागले. तो क्षण मी अजून विसरलेले नाही. आत्या वाकून पाहत म्हणाली, "हेच काय ते मॉडेल?" मी मान हलवली. ती म्हणाली, "हे तर सोज्वळ दिसतं," आणि चहा ठेवायला गेली.

काकांनीही अट घातली होती. पेटी जाईल तिथे तेही येणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चालत निघालो. काकांच्या डोक्यावर पेटी, आत्याच्या कडेवर परात, माझ्या गळ्यात रबरी नळी आणि हातात साबणाच्या पाण्याची बरणी. धोबीतलावाजवळ लालबाग-परळकडून आलेला कामगारांचा मोर्चा आडवा आला. रस्ताभर माणसं, झेंडे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"च्या आरोळ्या. आम्ही कडेनं निसटायला बघत होतो. एवढ्यात कोणाला तरी पेटी दिसली.

"शाहीर आले, शाहीर! वाट द्या रे!"

वाट दिली, पण ती मोर्चाच्या मधोमध. तिथे एक हातगाडी उभी होती. आम्ही नाही नाही म्हणेपर्यंत काका पेटीसकट गाडीवर चढले होते; ते नाही म्हणत होते की नाही, याची मला आजही शंका आहे. मागोमाग मला वर घेतलं. आत्यानं परात छातीशी धरून खालीच उभं राहणं पसंत केलं.

काकांनी भाता हलवला आणि सूर धरला. पण सगळी हवा नळीतून निघून सुईतून 'स्स्स' करत जात होती. पेटी जेमतेम कण्हली.

"ओ काका, पेटीला दमा झाला काय?" गर्दीतून आवाज आला. हशा पिकला.

काका घामाघूम. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई बोलतील!"

"बोला, ताई, बोला की!"

मला भाषण करता येत नव्हतं. आदल्या दिवसापासून मनात एकच गोष्ट घोळत होती, परीक्षकांपुढे काय बोलायचं ती. तीच तोंडातून निघाली. "मी धातूबद्दल बोलणार आहे," मी म्हटलं. गर्दी शांत झाली. बहुधा ही कसली तरी प्रस्तावना असेल असं त्यांना वाटलं. "तांब्याची तार थोडी वाकवली तर सोडल्यावर ती परत सरळ होते."

"होणारच!" कोणीतरी ओरडलं.

"पण जास्त वाकवली की तिच्या आत बदल होतो. ती आधीपेक्षा टणक होते. मग तिला पुन्हा वाकवायचं तर आधीपेक्षा जास्त जोर लावावा लागतो."

मग असा काही जल्लोष झाला की मी घाबरून काकांचा हात धरला. "ऐका दिल्लीवाल्यांनो! जितकं वाकवाल तितके टणक होऊ!" टोप्या उडाल्या. मी राजकारण बोलत नाहीये हे सांगायला तोंड उघडलं, पण आता माझा आवाज कोणाला ऐकू येणार?

तेवढ्यात गाडीजवळचा एक उंच माणूस हात वर करून म्हणाला, "पण बाई, तीच तार मागेपुढे, मागेपुढे केली तर तुटते, त्याचं काय?"

हा माणूस लालबागच्या एका गिरणीत फिटर होता, हे मागाहून कळलं. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. "हो," मी म्हटलं. "तुटते."

सगळा मोर्चा माझ्याकडे पाहू लागला. काका पुटपुटले, "अगं, तुटते कशाला म्हणतेस?"

"तुटतेच, काका."

शेजारच्यानं फिटरला कोपरखळी मारली. "काय रे ए, तू कोणाच्या बाजूचा?"

"मी तारेच्या बाजूचा," फिटर म्हणाला. "तुटू द्यायची नसेल तर मध्येच तापवायची. तापवली की नरम पडते."

"नरम नको!" चारी बाजूंनी आवाज उठला. "नरम अजिबात नको!"

"अरे, मी तांब्याचं बोलतोय!"

"ताईसुद्धा तांब्याचंच बोलतायत! तुझं तांबं निराळं काय?"

ह्या वादात मोर्चा रंगला आणि आम्हाला खाली उतरता आलं. फिटरनंच गर्दी बाजूला करून आम्हाला पलीकडे काढलं. "बाई," जाताना तो म्हणाला, "मी बोललो ते चूक नव्हतं ना?" मी म्हटलं, "एक अक्षरही चूक नव्हतं." त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

सभ्य माणसानं पोचावं त्या वेळेच्या पाऊण तास उशिरा आम्ही प्रयोगशाळेत पोचलो. सर दारातच उभे. त्यांनी पेटीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. आत मद्रासचे परीक्षक बसले होते. कपाळावर बारीक गंध, वर इस्त्रीचा कोट, अगदी शांत. सर इंग्रजीत म्हणाले, "क्षमा करा, हिची साधनं जरा घरगुती आहेत." परीक्षक म्हणाले, "साधनं नेहमी कोणाच्या तरी घरूनच येतात."

आत्यानं परात टेबलावर ठेवली. मी पाट्या बसवेपर्यंत तिनंच बरणीतलं पाणी ओतलं. मी सुई धरली. काकांनी भाता हलवायला घेतला. बुडबुडे यायला लागले, पण एक मोठा, तीन लहान, एक मोठा, तीन लहान. मी वर पाहिलं तर काका डोळे मिटून मान डोलावत होते.

"काका, ताल नको!"

"मी कुठे ताल धरलाय?"

"भजनी ठेका चाललाय तुमचा. नुसती हवा द्या. सरळ हवा."

"सरळ हवा," काका दुखावल्या आवाजात म्हणाले, पण त्यांनी दिली. पाच मिनिटांत परात भरली. काळ्या पाट्यांवर बुडबुड्यांची चादर पसरली, रांगांमागून रांगा. परीक्षक खुर्ची सोडून जवळ आले. मी दोन काचेच्या पट्ट्यांनी चादर दोन्ही बाजूंनी हळूच दाबली. आधी काहीच झालं नाही. मग एका कोपऱ्यातून रेघ निघाली आणि सर्रकन पळाली.

"वा!" परीक्षक म्हणाले. सरांचा चेहरासुद्धा जरा सैल झाला.

"पुन्हा," परीक्षक म्हणाले.

मी पुन्हा दाबलं. रेघ निघाली आणि परातीच्या मध्यावर येऊन गच्च थांबली. जास्त दाबलं, तरी तिथेच. तिसऱ्यांदा दाबलं, पुन्हा तिथेच. सर खाली वाकले. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"हे काय आहे?"

बुडबुड्यांच्या रांगांमध्ये एक बारीक, हिरवट-तपकिरी काहीतरी तरंगत होतं. मी ओळखलं. तुळशीची मंजिरी.

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं मुळीच लपवलं नाही. "मीच घातली, पाणी ओतताना. शुभ कामाचं पाणी. त्यात मंजिरी नको काय?"

मी सरांना इंग्रजीत समजावून सांगितलं. दुसरं करणार काय? सरांचा चेहरा लाल झाला. "ही प्रयोगशाळा आहे की सत्यनारायणाची पूजा?" ते मराठीत ओरडले, आणि मंजिरी काढायला त्यांनी चिमूट पुढे केली.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "काढू नका." त्यांनी मंजिरी नीट न्याहाळली. ती त्यांना माझ्यापेक्षा आधी ओळखू आली होती, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ते माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता, पण प्रश्न परीक्षेचा होता. "रेघ इथेच का थांबते?"

मी पाठ केलेल्या भाषणात मंजिरी नव्हती. दादरची शाळा मला अगदी स्वच्छ दिसली, फळा, खडू आणि सातवी 'ब'. मी परातीकडे पाहत राहिले. मंजिरीच्या भोवतीचे बुडबुडे दबून वेडेवाकडे बसले होते. रांग तिथे सरळ राहूच शकत नव्हती.

"हा पाहुणा अणू आहे," मी हळूहळू म्हटलं. "दुसऱ्या मापाचा. त्याच्याभोवतीच्या रांगा वाकड्या झाल्या आहेत, म्हणून सुरकुती तिथे अडकते. तांब्यात थोडं कथील मिसळलं की असंच होत असेल. तांब्याची वाटी पडली तर तिला पोचा येतो. तांबं आणि कथील मिळून होतं ते कासं, आणि काशाची वाटी पडली तर पोचा येत नाही. ती तडकते. कारण तिच्यातली रेघ पळूच शकत नाही."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. काशाची वाटी तडकताना पाहिली आहे."

"काय विचारतायत?" आत्यानं काकांना विचारलं. काकांनी आपल्या परीनं भाषांतर केलं. "पाहिली आहे काय म्हणते!" आत्या मोठ्यानं म्हणाली. "तिनंच पाडली. माझ्या सासूबाईंची वाटी!"

परीक्षकांनी ह्याचं भाषांतर मागितलं. मी दिलं, पूर्ण. ते कोटाच्या खिशात हात घालून बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "एका पाहुण्यानं एक रेघ थांबते. मग हजारात किती पाहुणे असले म्हणजे सबंध वाटी टणक होईल? बुडबुड्यांवरून वाटीचं गणित सांगता येईल का?"

"आत्ता नाही येणार," मी म्हटलं. मला खोटं बोलायचं सुचलंच नाही. "मध्ये स्फटिक आहेत. त्यांचं गणित वेगळं, वाटीचं वेगळं. ही तिन्ही जुळवायला हवीत. त्याला दोन वर्षं तरी लागतील."

परीक्षक सरांकडे वळले. "मग द्या की तिला दोन वर्षं."

सरांनी लगेच सही केली नाही. ते परातीभोवती एक फेरी मारून आले. स्वतः काचेच्या पट्ट्या घेऊन त्यांनी चादर दाबली आणि रेघ मंजिरीपाशी थांबते का ते पाहिलं. थांबली. पुन्हा दाबलं. मग जास्त जोरानं दाबल्यावर रेघ कशीबशी मंजिरीला वळसा घालून पुढे गेली, आणि सर माझं अस्तित्व विसरून म्हणाले, "हात्तिच्या!" त्यानंतर त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर अर्ज ठेवून सही केली. सही करताना ते पुटपुटत होते, पण सही वळणदार होती.

मी अर्ज दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. काकांनी आनंदानं भाता हलवला आणि सुईतून बुडबुड्यांचा लोंढा टेबलभर पसरला. ते पुसून होईपर्यंत सरांच्या लक्षात आलं की भांडारात अशा मापाचं भांडंच नाही.

"परात इथेच राहू द्या," ते आत्याला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाला तरी विनंती करत असावेत, असा त्यांचा चेहरा होता. "दोन वर्षं."

आत्यानं परात एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. "राहील," ती म्हणाली. "पण दर शुक्रवारी मी येऊन घासणार. तुमचा गडी काय घासणार? तो कडेला साबण ठेवील."

"या."

"आणि मंजिरी घालणार."

मी डोळे मिटून घेतले. अर्ज अजून माझ्या हातात होता, शाई वाळायची होती, आणि सर तो सहज परत घेऊ शकत होते. परीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मोजून घाला," ते म्हणाले. "आणि किती घातल्या ते वहीत लिहा."